घर तपासायला किती वेळ लागतो?

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालं, खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकला, की थोड्या वेळात चेलाडी फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की नसरापूर, आणि मग गुंजवणीच्या खोऱ्यातून मार्गासनी, विंझर करत रस्ता तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात पोचतो. न वळता हमरस्त्यानेच पुढे गेलं तर कापूरहोळ, आणि तिथून भोर. सरकारदरबारी वेल्हे तालुका आता राजगड तालुका झाला आहे; रोजच्या बोलण्यात अजून वेल्हेच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव वापरतो.

या दोन रस्त्यांच्या आजूबाजूला दोन तऱ्हेची घरं उभी राहताहेत. एक, पुण्यातल्या नोकरदारांची शनिवार-रविवारची घरं: धरणाचं पाणी दिसेल अशा उतारावर कापलेला प्लॉट, त्यावर ठेकेदाराने बांधून दिलेला बंगला. दुसरी, गावातल्या माणसांची: दगडमातीच्या भिंती आणि कौलं उतरवून त्याच जोत्यावर किंवा शेजारी उभं केलेलं स्लॅबचं घर, पुष्कळदा मुंबईत किंवा शिरवळच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलाच्या कमाईतलं. दोन्हींत एकेका कुटुंबाची बचत ओतलेली असते. ही घरं ताब्यात घेण्याआधी कुणा जाणत्या, तिऱ्हाईत माणसाने नीट पाहावीत, ही गरज अगदी खरी आहे. ते काम धंदा म्हणून करायचं तर वेळेच्या गणितात कसं बसतं, ते या प्रकरणात पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा धंदा बहुतेकदा वेळेच्या चुकलेल्या अंदाजामुळे बुडतो, आणि धंदा बुडण्याच्या खूप आधी पाहण्यातला चोखपणा गेलेला असतो.

आपल्याकडे घर तपासणाऱ्यासाठी असा वेगळा परवाना नाही. अमेरिकेत या व्यावसायिकांची ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ ही संस्था १९७६ साली स्थापन झाली, आणि खरेदीआधी तपासनीस बोलावणं ही तिथली रीत आहे. आपल्याकडे हे काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे. कर्ज देणारी बँक पॅनेलवरचा व्हॅल्युअर पाठवते. जोतं झालं का, स्लॅब पडला का, हे पाहून तो पुढचा हप्ता सोडण्याची शिफारस करतो. त्याला पाठवलं बँकेने, त्याची बांधिलकी बँकेच्या पैशाशी. बाथरूमचं पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं हे पाहणं त्याच्या कामात येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाकडे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येतो, टप्प्याटप्प्याचे जिओ-टॅग फोटो काढतो, आणि त्यावर लाभार्थ्याचा हप्ता जमा होतो. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींत इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. एकट्या बंगल्याला ते लागू नाही. रेरा कायद्याच्या १४व्या कलमात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावा, अशी तरतूद आहे. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत, आणि स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं घर या सगळ्याच्या बाहेरच राहतं. ही पोकळी एखादा सिव्हिल इंजिनियर छोट्या ऑफिसातून, एका मदतनिसाच्या जोरावर भरून काढू शकतो. नकाशे, एस्टिमेट आणि व्हॅल्युएशनच्या जोडीला हे काम करता येतं.

अमेरिकेतल्या तपासनिसाला साध्या घराला दोन-तीन तास लागतात, रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी जातो, आणि दिवसाला दोन घरं उरकणं तिथे सहज शक्य असतं. एका वसाहतीत एकाच साच्याची लाकडी सांगाड्याची घरं ओळीने उभी असतात, रस्ते सरळ असतात, आणि तपासणीची तारीख खरेदीच्या करारातच धरलेली असते. हे गणित उचलून कुणी वेल्ह्यात दुकान मांडलं तर ते महिनाभरही टिकणार नाही.

पहिलं कारण डोंगर. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या सह्याद्रीच्या सोंडांमधून पूर्वेकडे उतरतात आणि रस्ते नद्यांच्या काठाने चालतात. हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं ही जुनी नावं पाहिली तरी कळतं की इथे प्रत्येक खोरं आपल्यापुरतं वेगळं आहे. राजगडाच्या एका अंगाला गुंजवणे गाव, दुसऱ्या अंगाला भुतोंडे. धडधाकट माणूस गड ओलांडून एकीकडून दुसरीकडे उतरेल. चारचाकीवाल्याला मात्र आधी एक खोरं खाली उतरायचं, हमरस्त्याच्या बाजूला यायचं आणि दुसरं खोरं पुन्हा वर चढायचं, असा वळसा पडतो. पानशेत वेल्हे तालुक्यात आहे, पण पुण्याहून तिथे जायचं ते खडकवासल्याच्या बाजूने. खानापूरहून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरता येतं. पावसाळ्यात धुकं असलं की त्याच घाटात गाडी चालण्याच्या वेगाने हाकावी लागते. सकाळी भोरजवळचं एक घर आणि दुपारी केळदचं एक, असा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्या घराच्या गच्चीवर पोचेपर्यंत सूर्य डोंगराआड गेलेला असतो. खोऱ्यातल्या गावांत संध्याकाळ लवकर होते, आणि गच्चीवरच्या बारीक चिरा तिरप्या, कमी होत गेलेल्या उजेडात हातून सुटतात. म्हणून या भागात काम करायचं तर एका दिवशी एकच खोरं, हा नियम पाळावा. त्यात दोन घरं बसली तर बरं, एकच बसलं तर एकच.

दुसरं कारण वार. पुण्यातल्या ग्राहकाला शनिवार-रविवारीच सवड असते आणि घर पाहताना आपण हजर असावं, ही त्याची इच्छा रास्त आहे. त्याच दिवशी राजगड, तोरणा, मढे घाटाला जाणाऱ्यांच्या गाड्या त्याच रस्त्याला लागलेल्या असतात. गावातल्या ग्राहकाचं उलट. त्याला मधले वार चालतात, पण जुलैत भातलावणीची घाई असते. राखणदाराला किंवा घरमालकाला फोन केला तर उत्तर येतं, “साहेब, आवणी चाललीय. सकाळचं कुणी घरी नसतंय. चारच्या पुढं या.” चारनंतर गेलं तर तीन तासांची पाहणी दीड तासात कोंबावी लागते. दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी, तेव्हाही तेच. किल्ली कुणाकडे आहे, मोटर कोण चालू करणार, मीटरबोर्डाला कुलूप आहे का, गच्चीवर जायला शिडी आहे का, एवढं आदल्या दिवशी विचारून घेतलं नाही तर सगळी फेरी वाया जाते. हे फोन कुणी कामात धरत नाही. मी मात्र ते कामातलंच काम समजतो.

आता घराजवळ येऊ.

चांगला तपासनीस घरात शिरायच्या आधी घराभोवती फिरतो. उतारावरच्या घरात पहिला प्रश्न पाण्याचा: वरच्या डोंगराचं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावं अशी सूचना आहे; ती प्यायच्या पाण्याची. इथे वाहून जाणाऱ्या पाण्याकडेही तितक्याच बारकाईने पाहायचं. प्लॉट सपाट करताना वरच्या बाजूची माती कापून खालच्या बाजूला भरलेली असते. घराचा कुठला कोपरा कापलेल्या मुरुमावर आहे आणि कुठला भरावावर, हे पाहिल्याशिवाय आतल्या भेगांचा अर्थ लागत नाही. मागच्या संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं ठेवलेली असतात. ती उघडी आहेत का? पुष्कळ ठिकाणी गिलावा करताना गवंड्याने ती बुजवून टाकलेली दिसतात, भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून. पावसात त्या भिंतीमागे पाणी तुंबतं आणि भिंतीला पोट येतं. ओळंबा सोडला की दोन मिनिटांत कळतं. पण ओळंबा तीन-चार ठिकाणी सोडावा लागतो, वाऱ्यात तो स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं.

आत आल्यावर भिंती ठोकून पाहायच्या. छोट्या हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच, हातभर अंतर सोडून, खालून वर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. गिलावा धरून असेल तिथे आवाज भरीव येतो, सुटला असेल तिथे बद्द. एका खोलीला प्रामाणिकपणे पंधरा-वीस मिनिटं जातात. मग स्लॅबची खालची बाजू: तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेली बारीक चीर, कुठे पापुद्रा. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतूनच काँक्रीट फोडतं, म्हणून ही रेषा दिसली की तिथे थांबायचं, फोटोत शेजारी मोजपट्टी धरायची, जागा कागदावरच्या आराखड्यात मांडायची. बाथरूमची परीक्षा तर त्या दिवशी करताच येत नाही. निचऱ्याचं तोंड बंद करून दोन बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ मारायची, आणि निदान चोवीस तासांनी पातळी व खालचं छत पाहायचं. म्हणजे आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन पाणी भरून ठेवायला हवं. गच्चीला दोन दिवस पाणी धरून ठेवणं उत्तम. पण वरच्या वाडीत उन्हाळ्यात तेवढं पाणी आणायचं कुठून?

या प्रश्नापाशीच मला या भागातली सगळ्यांत मोठी गोष्ट दिसते. घाटमाथ्याच्या जवळच्या या गावांत पाऊस पूर्वेकडच्या सपाटीच्या कितीतरी पट पडतो. पण उतार तीव्र, खाली बेसाल्टचा कातळ. पाणी थांबत नाही. जे अडतं ते धरणांत. भाटघरचं धरण १९२८ मध्ये पुरं झालं, आणि त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणकडच्या शेतांना जातं. धरणाच्या वरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. आणि बांधकामाचा हंगाम नेमका जानेवारी ते मे, कारण पावसात इथे स्लॅब टाकणं जवळजवळ अशक्य. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किंवा कोरड्या, उष्ण हवेत निदान दहा दिवस पाणी मारलं पाहिजे. आज बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट मिश्रच असतं. टँकरने पाणी आणणारा माणूस दहा दिवस दोन-तीन वेळा स्लॅब भिजवेल, ही अपेक्षा बाळगावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. या भागातलं घर बांधलं जातं ते पाणी सर्वांत कमी असताना, आणि त्याची परीक्षा होते ती पाणी सर्वांत जास्त असताना.

तपासणीचं वेळापत्रक या एका वस्तुस्थितीवर बेतायला हवं. मे महिन्यात नव्याने रंगवलेलं घर पाहिलं तर सगळं कोरडं आणि देखणं असतं. ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं तरी आकडा निर्धास्त येतो. तेच घर आषाढात पंधरा दिवस संततधार झाल्यावर पाहावं. पश्चिमेकडच्या भिंतीवर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ओलीचा पट्टा उतरलेला दिसतो, छज्ज्यावरून पाणी आत वळलेलं दिसतं, जोत्याच्या वर हातभर लोणा फुटलेला दिसतो. पाऊस हा इथला सर्वांत कसून पाहणारा तपासनीस आहे. माणसाने त्याच्या मागोमाग जाऊन नोंद करायची आहे. उलट अर्थिंगचं. खडकाळ मुरुमात मुळात अर्थिंग नीट मिळत नाही, आणि पावसात जमीन ओली असताना मोजलं तर फसवं चांगलं दिसतं. ते उन्हाळ्यात मोजावं. मीटरबोर्डातल्या आरसीसीबीचं (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचं) चाचणीचं बटण दाबून पाहायला काही सेकंद लागतात, पण त्याआधी असा आरसीसीबी बोर्डात आहे का, इथपासून सुरुवात करावी लागते. थोडक्यात, या भागातल्या घराला एका भेटीत न्याय देता येत नाही. एक भेट पावसाळ्यात, एक चैत्र-वैशाखात, अशीच बोली करावी. आणि पावसाळ्यातली भेट धरायची ती रस्त्यांचा भरवसा न धरता. वरंध घाट अलीकडे पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवतात, झाडं पडतात, ओढ्यांना पाणी येतं. जुलै-ऑगस्टात आठवड्याला ठरवलेल्या भेटींपैकी एखादी तरी मोडणार, हे धरूनच तारखा द्याव्यात.

भेगांचं काम तर आणखी धीराचं. लोक विचारतात, “साहेब, ही चीर धोक्याची आहे का?” एका नजरेत उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती वाढते आहे का, हे महत्त्वाचं. खालच्या काळ्या मातीवरच्या घरात भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते, कारण ती माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. भरावावरच्या घरात भेग दर पावसाळ्यात थोडी पुढे सरकते आणि मागे येत नाही. हे ओळखायचा मार्ग साधा आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहायची, मधोमध काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवायची. भिंत हलली तर काच तडकते. साधन अगदी स्वस्तातलं, पण तीन-चार महिन्यांनी परत येऊन पाहणं लागतंच. जुन्या घरात वडीलधाऱ्यांना विचारावं, “आजी, ही भेग तुम्हाला कधीपासून आठवते?” ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो पार पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला होता; एखादी जुनी भेग तेव्हाचीही असू शकते. पन्नास-साठ वर्षं जशीच्या तशी असलेली भेग आणि गेल्या पावसाळ्यात नव्याने दिसू लागलेली भेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कुठलंही यंत्र सांगत नाही. त्यासाठी ओसरीवर बसून चहा घ्यावा लागतो, आणि तो वेळ वाया गेला असं मानू नये.

तपासणीच्या कक्षेबाहेर काय आहे, हे सांगायलाही वेळ राखून ठेवावा. घराच्या मागचा डोंगर सुटेल का, याचं उत्तर घर तपासणारा देऊ शकत नाही. ते भूगर्भतज्ज्ञाचं काम. पण डोंगरात नवी चर पडली आहे का, झाडं कलली आहेत का, पूर्वी कोरड्या असलेल्या जागी झरा फुटला आहे का, एवढं तो पाहू शकतो आणि लेखी कळवू शकतो. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ला गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. वरंध घाटापलीकडे महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ला दरडीखाली सापडलं. भोर-वेल्ह्याच्या उतारावर बंगला घेणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, पण आपल्या प्लॉटशी त्याचा संबंध तो लावत नाही. तो लावून देणं मी तपासनिसाचं कर्तव्य मानतो, त्यासाठी घरामागचा चढ चढून जायला आणखी तासभर लागला तरी. तसंच खांब-तुळयांबद्दल शंका आली तर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी यांसाठी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवावा असं स्पष्ट लिहावं. त्याची वेळ मिळवून देणं, त्याच्याबरोबर पुन्हा एकदा जाणं, हेही ओघाने येतं.

मग रिपोर्ट. नवख्या माणसाचा अंदाज इथे सर्वांत जास्त चुकतो. घरी येऊन शे-दीडशे फोटो मोबाइलमधून काढायचे, कुठल्या खोलीतला कुठला ते लावायचं, प्रत्येक दोषाला चार ओळी: काय दिसलं, कशामुळे असावं, काय करावं, किती तातडीचं. त्याच संध्याकाळी नोंदी पक्क्या केल्या नाहीत तर दोन दिवसांनी उत्तरेची भिंत कोणती आणि पश्चिमेची कोणती याचाच घोळ होतो. नीट रिपोर्टला घरातल्या तपासणीइतका वेळ लागतो, कधी जास्तच. पुण्याच्या ग्राहकाला इंग्रजीत पीडीएफ चालतो. गावातल्या कुटुंबाला मराठीतच द्यायला हवा, आणि पुष्कळदा नुसता देऊन भागत नाही. मुलगा मुंबईत, वडील गावात, ठेकेदार नात्यातला. तिघांना एकत्र बसवून, कुणाचा अपमान न करता, गच्चीचा उतार पुन्हा करावा लागेल हे पटवून द्यायचं असतं. नात्यातल्या ठेकेदाराचं काम बरोबर नाही हे त्याच्या चुलत्यासमोर सांगायला तांत्रिक ज्ञानाइतकाच संयम लागतो. घाई केली तर रिपोर्ट कपाटात जातो आणि गच्ची तशीच राहते.

या सगळ्यावर ग्राहकाची घाई. बयाणा देऊन झालेला असतो, साठेखताची तारीख परवाची असते, अक्षय्य तृतीया किंवा दसरा गाठायचा असतो, आणि मग फोन येतो: उद्या घर पाहून संध्याकाळपर्यंत कळवाल का? अशा वेळी नाही म्हणता यायला हवं. बयाणा देण्याआधी तपासणी करून घ्या, हे सांगत राहणं या धंद्यातल्या माणसाच्या हिताचं आहे आणि ग्राहकाच्या त्याहून जास्त हिताचं. बयाणा दिल्यावर निघालेला दोष माणूस ऐकून घेतो, पण मानायला तयार नसतो.

आता हिशेब मांडून पाहू. समजा ऑफिस नसरापूरला आहे आणि घर वेल्ह्याच्या पलीकडे. जाऊन-येऊन तीन तास, घरात चार तास, रिपोर्टला साडेचार, आधीचे फोन आणि नंतरचं समजावणं मिळून दीड. एका घराला तेरा तास. रोज नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर चोपन्न तास, म्हणजे कागदावर चार घरं. त्यातून बिलं, बँक, यंत्रांची देखभाल, आयएस मानकांचं वाचन, मोडलेल्या भेटी वजा केल्या की तीन उरतात. गणपती, पितृपक्ष, दिवाळी, जुलैतले अतिवृष्टीचे दिवस काढून वर्षात चाळीस आठवडे हाती लागले तर एकशेवीस भेटी. आणि प्रत्येक घराला दोन भेटी द्यायच्या म्हटल्या तर घरं साठ. दुसऱ्या भेटीचा रिपोर्ट आटोपशीर असतो म्हणून सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत जाता येईल. एवढ्या घरांच्या फीमध्ये ऑफिसचं भाडं, गाडी, मदतनीस आणि स्वतःचं घर चालवायचं आहे.

म्हणूनच चौरस फुटावर फी लावणं मला या भागात अन्यायाचं वाटतं, दोन्ही बाजूंनी. नसरापूरचा दोन हजार चौरस फुटांचा बंगला अर्ध्या दिवसात पाहून होतो. केळदचं सहाशे चौरस फुटांचं घर पूर्ण दिवस खातं. चौरस फुटाचा दर लावला तर लांबच्या छोट्या घरांना कुणी जाणारच नाही, किंवा जाईल आणि पाऊण तासात बाहेर पडेल. फी दिवसावर ठरवावी, प्रवास वेगळा दाखवावा, आणि एका खोऱ्यातली तीन-चार घरं एकत्र आली तर प्रवासाचा खर्च त्यांच्यात वाटून द्यावा. ग्रामपंचायतीच्या किंवा एखाद्या बचत गटाच्या मध्यस्थीने अशी घरं जुळवता येतात. गावातलं एक घर चांगलं तपासलं गेलं की शेजारचा आपणहून विचारतो, त्याचा फायदा घ्यावा.

वेळ वाचवायचा खरा मार्ग मला दुसरीकडे दिसतो. भोर तालुक्यात धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी करणारी, याच खोऱ्यांत राहणारी मुलं-मुली आहेत. प्रत्येक खोऱ्यात असा एक माणूस जोडून घ्यावा. आदल्या दिवशी बाथरूममध्ये पाणी भरून पेन्सिलची रेघ मारायची, किल्ली मिळेल याची खात्री करायची, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी ठरलेल्या घरांच्या पश्चिम भिंतीचे फोटो काढायचे, काचेची पट्टी तडकली का ते पाहून तारखेसह कळवायचं. ही कामं त्याला गावातल्या गावात तासाभरात होतात. नसरापूरहून जाणाऱ्याचा त्यात दिवस मोडतो. निष्कर्ष काढणं आणि सही करणं इंजिनियरकडेच राहील, कारण जबाबदारी त्याची आहे. या मदतनिसाला भेटीमागे ठरलेला मोबदला फीमधूनच द्यावा, बिलात त्याची वेगळी ओळ असावी, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर पाहणी करणाऱ्यांत त्याचं नाव छापावं. पुढच्या पावसाळ्यात त्या खोऱ्यातून फोन येईल तो बहुधा त्याच्या ओळखीतूनच.